गिळल्यावर टाळूवर काय उरतं

प्रश्न असा आहे : "मी अमरावतीची. वर्षभरापासून नोकरीसाठी नागपुरात राहते. दर रविवारी मैत्रीण आणि मी एखादी बेकरी नाहीतर डेझर्ट कॅफे गाठतो. केक, पेस्ट्री, कधी पाय (इंग्रजीतला 'pie') घेतो. पण सगळीकडचं सारखंच गोड लागतं. तुम्ही जाणकार लोक नेमकं काय चाखता? महागातलं चांगलंच असतं का? आणि 'पाय' म्हणून जे समोर येतं ते खरंच पाय असतं का?"

ताई, मी बावीस वर्षं भट्टीपाशी आहे. सदरमधल्या एका जुन्या बेकरीत चार वर्षं हाताखाली काम केलं, मग धरमपेठेत स्वतःचं छोटं काम सुरू केलं, आता शिकवतेही. तेव्हा पहिल्यांदा हे सांगते, की तुमची जीभ बरोबर आहे. सगळीकडचं सारखं लागतं कारण बऱ्याच ठिकाणी ते असतंच सारखं. तेच तयार प्रीमिक्स, तेच डब्यातलं क्रीम, तोच पायनॅपलचा इसेन्स. वरची सजावट आणि पाटी तेवढी वेगळी. तुम्हाला फरक कळत नाही असं नाही, फरक जिथे आहे तिथे अजून कुणी बोट ठेवून दाखवलं नाही.

तो फरक आहे स्निग्धात. साखर सगळीकडे सारखीच, मैद्यातही फार डावंउजवं नसतं. पण लोणी आहे, की मार्गारिन, की डालडा. क्रीम दुधाचं आहे की वनस्पती तेलाचं. चॉकलेटात कोको बटर आहे की दुसरंच काही, यावर सगळी चव ठरते. आणि ते पहिल्या चवीला ओळखू येत नाही. तेव्हा गोडच पुढे येतं, म्हणून तर तुम्हाला सगळं सारखं वाटतं. घास गिळा, दहा आकडे मोजा आणि मग जीभ टाळूवर फिरवून बघा. टाळू स्वच्छ असेल, दुधाची नाहीतर लोण्याची मंद चव रेंगाळत असेल, तर जिन्नस खरा. मेणासारखा ओशट थर बसला असेल आणि तो पाण्यानंही जात नसेल, तर काय वापरलंय ते कळलं.

यामागचं कारण साधं आहे. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, कोको बटर ३४ च्या आसपास. आपल्या तोंडाचं तापमान याहून थोडं जास्त. म्हणून खरं लोणी आणि खरं चॉकलेट तोंडात गेलं की विरघळून वाहून जातं, मागे काही ठेवत नाही. बेकरीतलं पफ मार्गारिन मात्र ४० अंशांच्या पुढेही घट्ट राहावं असंच बनवलेलं असतं. डब्यातलं नॉन-डेअरी क्रीम आणि डार्क कंपाउंड (कोको बटरऐवजी दुसरं स्निग्ध घातलेलं चॉकलेट) यांत बहुतेक पामच्या बियांचं कडक केलेलं तेल असतं. तेही तोंडात पूर्ण वितळत नाही, टाळूला चिकटून बसतं.

आता हे वापरणाऱ्यांना लगेच बेइमान म्हणू नका, आपल्या गावाचं ऊन आठवा. मे महिन्यात ४५-४६ अंश तापमान असतं. लोणी ३४ ला वितळतं. हिशोब तिथेच संपतो. मी काम सुरू केलं तेव्हा हट्टानं फक्त दुधाचं क्रीम वापरायचे. एका मे महिन्यात हिंगणा रोडवर वाढदिवसाचा केक पाठवला. दुपारी चारची वेळ, ऑटोतून अर्ध्या तासाचा रस्ता. पोचेपर्यंत वरचा थर घसरून डब्याच्या एका बाजूला जमा झाला होता. त्या घरच्या आजी काही बोलल्या नाहीत. चमच्यानं क्रीम पुन्हा केकवर चढवलं आणि नातवाला कापायला लावलं. मला मात्र रात्रभर झोप आली नाही. त्या उन्हाळ्यापासून मी एप्रिल ते जून दोन्ही क्रीम मिसळून वापरते, आणि गिऱ्हाइकाला आधी तसं सांगते. सांगून वापरलं तर माझी काहीच तक्रार नाही. 'फ्रेश क्रीम' असं लिहून डब्यातलं वाढलं की मात्र राग येतो.

म्हणूनच माझं पहिलं सांगणं : खरी चाखणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत करा. लोणी वापरणारा तेव्हाच मनासारखं काम करू शकतो. उन्हाळ्यात एखाद्या कॅफेची परीक्षा घेऊन त्याला नापास करणं बरोबर नाही. आणि उन्हाळ्यातही ज्याचं क्रीम स्वच्छ लागतं, त्याच्याकडे कामाची खोली थंड आहे, मेहनत आहे हे समजून घ्या. तिथे दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

क्रीम ओळखायची आणखी एक सोपी खूण आहे. दुधाचं क्रीम फेटलं की साधारण दुप्पट होतं, डब्यातलं तिप्पट-चौपट फुगतं. त्यामुळे त्याच आकाराची पेस्ट्री हातात घेतली की हलकी वाटते. रंगही बघा. दुधाचं क्रीम किंचित पिवळट, हस्तिदंती असतं. ट्यूबलाइटसारखं पांढरंफेक दिसलं तर ते डब्यातलं.

आता चाखायचं कसं ते सांगते. रविवारी सकाळी तर्री पोहे हाणून थेट पेस्ट्रीकडे जाऊ नका. तिखटानं जीभ पेटलेली असते, तिला लोणी आणि मार्गारिन एकच वाटतं. मधे दोन-अडीच तास जाऊ द्या. एका दिवसात चार जिन्नस पुरेत, पाच म्हणजे फार झाले. त्यानंतर तुम्ही चाखत नसता, नुसतं खात असता. दोघी आहात ते छान आहे, प्रत्येक गोष्ट एकच घ्या आणि अर्धी अर्धी करा. सुरुवात साध्यापासून करायची : आधी व्हॅनिला, मग फळांचं किंवा लिंबाचं, मग कॅरॅमल, चॉकलेट शेवटी. कॉफीची चव असलेलं काही असेल तर ते सगळ्यांत शेवटी. ती आधी आली की पुढचं सगळं झाकून टाकते. मधे मधे कोमट पाणी प्या. फ्रीजचं पाणी पिऊ नका, त्यानं टाळूवरचं स्निग्ध आणखी गोठतं. मी तर पर्समध्ये फुटाण्यांची पुडी ठेवते. चार फुटाणे चावले की तोंड कोरं होतं.

पेस्ट्री काचेच्या कपाटातून आली की लगेच तोंडात घालू नका. थंडगार पदार्थाला वास नसतो, आणि वास नाही तर चव नाही. हिवाळ्यात दहा-पंधरा मिनिटं टेबलावर राहू द्या, उन्हाळ्यात पाच मिनिटं बस्स. लोण्याचा साधा केक तर जानेवारीत वीस मिनिटं ठेवा. आतलं लोणी गोठलेलं असलं की चांगला केकही कोरडा लागतो, आणि लोक बेकरीला नावं ठेवतात.

मग क्रीम बाजूला सारून नुसता स्पंज खा. हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं. ते म्हणायचे, क्रीम म्हणजे नवरीचा शालू आहे, नवरी बघायची असेल तर चेहरा बघ. अंगठ्यानं स्पंज हलकेच दाबा. तो हळूहळू वर आला पाहिजे. दाबलेला खड्डा तसाच राहिला तर शिळा नाहीतर कच्चा. दाबल्यावर पाक सुटला तर समजा, कोरड्या स्पंजला साखरेचं पाणी पाजलंय. थोडा पाक सगळेच लावतात, मीही लावते, कारण फ्रीजमध्ये केक लवकर सुकतो. पण पाकच चाखायला मिळत असेल तर तो कशासाठी ओतलाय ते उघड आहे. आतली जाळी बघा. हातानं फेटलेल्या स्पंजची जाळी थोडी लहानमोठी असते. जाळी अगदी एकसारखी, बारीक, आणि घास चावताना गोळा होऊन टाळूला चिकटत असेल, तर केक जेल (स्पंज झटपट फुगवणारं तयार मिश्रण) किंवा प्रीमिक्स असण्याचीच शक्यता जास्त.

अंडं न घालता केलेल्या केकबद्दल थोडक्यात सांगते, कारण नागपुरात निम्मी मागणी त्याचीच असते. अंडं फुगवायचं आणि बांधून ठेवायचं, अशी दोन्ही कामं करतं. ते नसलं की दही, कन्डेन्स्ड मिल्क आणि सोडा यांच्यावर भार येतो. सोडा जास्त झाला की मागून साबणासारखी चव येते आणि रंगही तपकिरीकडे झुकतो. ही चव नसलेला एगलेस स्पंज ज्याला जमला, त्याचा हात मी चांगला मानते.

तुम्ही 'सारखंच गोड' एवढंच लिहिलंत, ते मला जरा लागलं. अहो, आपल्या भाषेत खाण्याच्या पोतासाठी किती शब्द आहेत! लुसलुशीत, भुसभुशीत, खुसखुशीत, कुरकुरीत, रवाळ, जाळीदार, दडस, गिच्च, चिवट, पिठूळ, ओशट, खवट. छोटी वही करा आणि प्रत्येक जिन्नसापुढे यातला एक तरी शब्द लिहायचाच असं ठरवा. महिन्याभरात जीभ वेगळी होते. माझ्या वर्गात मुलींना मी पहिले दोन आठवडे ओव्हन लावू देत नाही. नुसतं चाखायचं आणि लिहायचं. एक मुलगी पहिल्या दिवशी सगळीकडे 'छान' लिहून आली होती. तिनंच पंधराव्या दिवशी एका क्रीम रोलबद्दल लिहिलं, "बाहेरून कुरकुरीत, आतून चिवट, तेल खवट." मी त्याच रोलचा उरलेला तुकडा खाल्ला. अगदी तसाच होता.

आता पाय. याचं उत्तर तुमच्या आईच्या करंजीत आहे. करंजीच्या मैद्यात आपण कडकडीत मोहन घालतो, मूठ वळून मुटका होतो का ते बघतो. पायच्या कवचात हेच करायचं, फक्त मोहन गार. थंड लोणी बोटांनी मैद्यात चोळायचं, नेहमीचं माप वजनानं तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग गार पाणी. लोणी पिठाच्या कणांना लपेटून बसतं, पाणी सगळीकडे पोचत नाही, म्हणून चिवटपणा येत नाही आणि कवच खुसखुशीत होतं. खुसखुशीत म्हणतेय, कुरकुरीत नव्हे. चांगलं कवच दातांखाली आवाज न करता भुगा होतं.

दुसरा प्रकार साट्याच्या करंजीचा. लाटलेल्या पोळीवर साटा लावायचा, घडी घालायची, पुन्हा लाटायचं. चिरोट्यांना पदर सुटतात ते असेच. पफ पेस्ट्री म्हणजे हाच पदर, साट्याऐवजी लोण्याची अख्खी लादी. सहा वेळा तिघडी घातली की लोण्याचे ७२९ थर होतात. ओव्हनमध्ये लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि थर एकमेकांपासून सुटतात. क्रोसाँला तीनच घड्या, म्हणजे २७ थर, आणि पिठात यीस्ट. हे पदर लाटताना लोणी वितळलं की ते पिठात मुरतं, पदर संपतात आणि हाती ब्रेड येतो. नागपूरच्या उन्हाळ्यात एसीशिवाय लोण्याचं पफ लाटणं अशक्य. आपल्या बेकऱ्यांमधलं पॅटिस मार्गारिनचं असतं ते यामुळेच. गरम गरम पॅटिस मलाही आवडतं. फक्त ते गरमच खा. गार झालं की मार्गारिन गोठतं आणि टाळूवर बसतं.

तर पाय खरा की नाही? पाय म्हणजे भाजलेलं कवच, खाली, वर नाहीतर दोन्हीकडे. कॅफेत 'पाय' म्हणून काचेच्या ग्लासात बिस्किटांचा चुरा, त्यावर क्रीम आणि फळ येतं, त्याला मी पाय म्हणणार नाही. केळी आणि टॉफीच्या बॅनॉफी पायचीही आता बहुतेक ठिकाणी तीच गत आहे. हा पदार्थ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये जन्मला आणि मूळ कृतीत कवच मैद्याचं, भाजलेलंच होतं. बिस्किटाचा तळ सोपा पडतो म्हणून पुढे तोच पसरला. तोही चांगला लागू शकतो, पण बिस्किटं लोण्यात बांधून निदान थोडी भाजलेली असावीत. चमचा लावताच तळ वाळूसारखा विखुरला तर नुसता चुरा थापलाय.

ॲपल पाय मागवलात तर पहिल्यांदा तुकडा उलटा करून तळ बघा. तळ तांबूस आणि कोरडा हवा. पांढरा, ओला, वाकणारा तळ म्हणजे कवच आधी वेगळं भाजून घेतलं नाही, फळाचं पाणी थेट कच्च्या पिठात उतरलं. मग सफरचंद बघा. नुसत्या गोड लाल सफरचंदाचा भाजल्यावर लगदा होतो, चवही सपाट लागते. आंबट हिरव्या फोडी मिसळलेल्या असल्या तर दाताला थोडं काही लागतं आणि गोडाला धार येते. दालचिनीनं नाक भरून गेलं की मला शंका येते, बहुधा फळ पुरेसं नसतं.

चॉकलेट आणि चीजकेक यांच्याबाबत मी फार लांबण लावत नाही, कसोटी तीच, टाळूची. एवढं मात्र बघा : न भाजता गोठवलेला चीजकेक जिलेटिनचा असेल तर तोंडात वितळतो. चायना ग्रासचा असेल तर तुकडे तुकडे होतात पण वितळत नाहीत, कारण चायना ग्रास वितळायला ८५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. शाकाहारी असाल तर विचारून घ्या, जिलेटिन प्राण्यांपासून बनतं. ब्लॅक फॉरेस्टवरची लाल 'चेरी' बहुतेक वेळा पाकात मुरवलेलं करवंद असतं आणि टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. यात कमीपणा काही नाही, करवंद मला आवडतं. पण जर्मनीतल्या मूळ केकमध्ये आंबट चेरी आणि चेरीचंच मद्य असतं, तो आंबटपणा क्रीमला कापतो. आपल्याकडे तो कुठेच नसतो, म्हणून आपला ब्लॅक फॉरेस्ट नुसता गोड लागतो. एखाद्या ठिकाणी तुम्हाला त्यात आंबट काही सापडलं, तर त्या माणसानं विचार केलाय असं समजा.

आणि संत्रं. नागपुरात राहून संत्र्याचा केक चाखला नाही तर उपयोग काय! संत्रा बर्फी जगभर गेली, पण केकमध्ये संत्रं उतरवणं अवघड आहे, आणि त्याचं कारण आपल्या संत्र्यातच आहे. त्याचा रस सौम्य, आंबटपणा कमी. केकमध्ये तो हरवतो. रस आटवून दाट करायला गेलं की कडू होतो, कारण पापुद्र्यातला आणि बियांतला कडवटपणा रस काढल्यानंतर हळूहळू, आणि तापवल्यावर आणखी, वर येतो. म्हणून बरेच जण हात टेकतात आणि इसेन्सची बाटली उघडतात. खरा सुगंध सालीत आहे. वरचा नारिंगी भाग तेवढा किसायचा, पांढरा अजिबात नाही, आणि तो साखरेत चोळून ठेवायचा. साखर ओलसर, पिवळी होते, हाताला दिवसभर वास राहतो. असा केक चाखलात की नाकात आधी साल येते, मग किंचित कडसर चव, मग गोड. इसेन्सचा केक लिमलेटच्या गोळीसारखा लागतो, पहिल्या क्षणी जोरात आणि मग काहीच नाही. चाखायचे दोन हंगाम : आंबिया बहाराची फळं साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. जुलैमध्ये कुणी 'ताज्या नागपुरी संत्र्यांचा' केक दाखवला तर शांतपणे दुसरं काही मागवा.

महागाचं काय? कॅफेतल्या किमतीत जागेचं भाडं, एसी, काचेचं सामान सगळं असतं. लोणी, दुधाचं क्रीम, खरं चॉकलेट यांनीही किंमत वाढतेच, ते खोटं नाही. पण किंमत बघून आत काय आहे ते कळत नाही. विचारा. "क्रीम डेअरीचं आहे का? चॉकलेट कंपाउंड आहे की कूव्हर्चर?" असं सरळ काउंटरवर विचारा. कूव्हर्चर म्हणजे खऱ्या कोको बटरचं चॉकलेट. चांगला बेकर या प्रश्नानं खूश होतो, आतून बाहेर येऊन बोलतो. उडवाउडवी झाली तर तेही उत्तरच आहे.

फिरण्याची दिशा म्हणाल तर एका रविवारी एकच भाग धरा. धरमपेठ, गोकुळपेठ, शंकरनगर हा कॅफेंचा पट्टा एका दिवशी. दुसऱ्या रविवारी सदर, आणि तेही शक्यतो डिसेंबरात. तिथे चर्च आहेत, ख्रिस्ती वस्ती आहे, नाताळाच्या आधी प्लम केक निघतो. फळं आधी भिजवून ठेवलेला, जळलेल्या साखरेच्या पाकानं काळसर झालेला. तो ताजा खाऊ नका, घरी आणून चार-पाच दिवस बांधून ठेवा, मग कापा. चव मुरते. रमजानात मोमिनपुऱ्यात जा, नानखटाई हातात घेऊन बघा. चांगली नानखटाई जिभेवर ठेवली की न चावता विरते, आणि तिच्यावरून डालडा की तूप हे पहिल्या घासालाच कळतं.

वेळेचंही सांगते. लाकडाच्या भट्टीवर काम करणाऱ्या जुन्या बेकऱ्या आता थोड्या उरल्यात, पण सापडली तर तिचा दिवस समजून घ्या. भट्टी कडक असते तेव्हा पाव निघतात. आंच उतरली की खारी आणि पॅटिस, आणखी उतरली की केक आणि बिस्किटं. शेवटी रात्री उरलेल्या ऊबेत टोस्ट वाळत घालतात. सदरला मी शिकत होते तेव्हा सकाळी सातला भट्टीचं दार उघडून टोस्टच्या पत्र्या बाहेर काढणं माझं काम होतं. त्या वेळचा टोस्ट बिनसाखरेच्या चहासोबत खाऊन बघा, काही न लावता.